पुशाचा रुमाल आणि फळमाशी

१/ डासांना पळवण्यासाठी लावलेल्या तेलाने भलत्याच पाहुण्यांना बोलावले, आणि त्यातून भारतीय कीटकशास्त्रातील एक मोठा शोध लागला. स्थळ बिहारमधील पुसा. १९०५ मध्ये तेथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. (१९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस हलली, तेथील परिसरालाही ‘पुसा’ म्हणतात ते यामुळेच.)

२/ फ्रँक हॉलेट हे तेथील कीटकशास्त्रज्ञ. त्यांच्या एका शेजाऱ्याने रुमालाला सिट्रोनेला तेल लावले होते. डासांचे काय झाले ते असो. रुमालावर फळमाश्यांची झुंबड उडाली.

३/ हसून सोडून द्यावा असाच हा प्रसंग. हॉलेट यांनी मात्र माश्या निरखल्या, तर त्या नर निघाल्या. वास्तविक आंबा-पेरूची नासाडी करते ती मादी: ती सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. मग नरांना या तेलाचे आकर्षण कशासाठी? मादीचा गंध असाच असावा, असा तर्क त्यांनी १९१२ च्या निबंधात मांडला.

४/ पण तेल म्हणजे अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यातले नेमके कोणते द्रव्य माशी ओळखते? हॉलेट यांनी सुटी रसायने माश्यांसमोर ठेवून पाहिली. १९१५ मध्ये उत्तर छापले गेले: मिथिल युजेनॉल. फळमाशीच्या सर्व जातींची पसंती एकसारखी नव्हती, हेही त्यांच्या ध्यानी आले.

५/ तर्क मात्र टिकला नाही. मिथिल युजेनॉल अनेक वनस्पतींत, तुळशीच्या काही प्रकारांतही असते. नर ते चाटतो, त्याच्या शरीरात त्यापासून गंधद्रव्ये तयार होतात आणि असा नर मीलनात सरस ठरतो. हे उलगडायला पुढची कित्येक दशके लागली.

६/ उपयोग मात्र त्यासाठी थांबला नाही. पॅसिफिकमधील रोटा बेटावर मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे टाकून नर इतके घटवले, की माद्यांना जोडीदारच उरले नाहीत. तेथून फळमाशीचे उच्चाटन झाल्याचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

७/ कोकणातल्या आंबा बागांत टांगलेल्या सापळ्यांतही हेच द्रव्य असते. बागायतदार त्यांना सर्रास ‘कामगंध सापळे’ म्हणतात. काटेकोर पाहता तो मादीचा गंध नव्हे, वनस्पतीचा आहे. पण हॉलेट यांना हे नाव नक्कीच पटले असते.