लहानांसाठी चढउताराची गाडी

चिपळूणच्या मुलाला आगगाडी पाहावयाची झाल्यास विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत कुंभार्ली घाट चढून कराड गाठावे लागे. 1998 साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. पण तत्पूर्वीच्या कितीएक पिढ्यांनी आगगाडी प्रथम पाहिली ती चित्रात. तरीही खुर्च्या एकामागे एक मांडून गाडी करण्याचा खेळ ज्या घरात झाला नाही असे घर तेथेही सापडणार नाही. आगगाडीचे हे वेड ओळखून मोठ्यांनी मुलांसाठी ज्या गाड्या निर्माण केल्या, त्यांत चढउताराच्या गाडीचा, म्हणजे रोलर कोस्टरचा, इतिहास सर्वांत चमत्कारिक आहे. कारण ही गाडी मुळात मुलांसाठी नव्हतीच.

तिचा उगम रशियात झाला. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी मनोरे उभारून त्यांच्या उतरणीवर पाणी ओतीत आणि गोठलेल्या बर्फावरून घसरत खाली येत. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनसाठी ओरानियनबाउम येथे असा एक डोंगर अठराव्या शतकात बांधला गेला, त्यावर चाकांच्या गाड्या धावत. 1817 साली पॅरिसमध्ये चाके रुळांत अडकवून ठेवणारी रचना आली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील मॉक चंक येथे 1827 पासून कोळशाच्या वाघिणी नुसत्या उताराच्या बळावर खाली येत असत, आणि पुढे त्याच मार्गावर लोक हौसेने पैसे देऊन बसू लागले. 1884 साली ला मार्कस टॉम्प्सन याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे आपली गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे 10 किलोमीटर, म्हणजे भरधाव टांग्याहूनही कमी. आणि उतारू बाकावर आडवे, देखावा पाहत बसत. अशा गाडीत आजीने नातवाला मांडीवर घेतले असते तरी काही बिघडले नसते.

बिघडले ते पुढे. जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने रुळांच्या खालून धरणारी जादा चाके बसविली व 1919 साली तिचे पेटंट मिळविले. गाडी रूळ सोडून उडण्याची भीती गेली आणि उतार वाटेल तितके उभे करता येऊ लागले. निसर्गाचा नियम असा की, घर्षण सोडून दिल्यास 4 मीटर उतरलेली गाडी ताशी सुमारे 32 किलोमीटर वेग घेते. उंची चौपट करून 16 मीटर केली की वेग दुप्पट होतो. जी करमणूक साऱ्या कुटुंबाची होती ती अशा रीतीने धाडसी तरुणांची झाली, आणि मुले कुंपणाबाहेर राहिली.

मुलांसाठी मग निराळे मार्ग बांधण्यात आले. न्यूयॉर्क राज्यातील राय येथील प्लेलँड उद्यानात 1928 साली उभारलेली लाकडी बालगाडी हे त्याचे जुने उदाहरण होय. परंतु अशा कित्येक गाड्यांत कल्पनेचे दारिद्र्य दिसे. मोठ्यांची गाडी घ्यावयाची आणि मापे कमी करावयाची, एवढाच विचार. परिणामी गुडघे न मावल्यामुळे आई बाहेर उभी, आणि चार वर्षांचे मूल अनोळखी यंत्रात एकटे! ज्या वयात मुलाला वेगापेक्षा एकटेपणाचे भय अधिक, त्या वयात हीच गोष्ट नेमकी चुकीची ठरते.

कुटुंबाच्या गाडीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. एकाच आसनावर 70 किलोचा बाप आणि 18 किलोची मुलगी बसावयाची. दोघांच्या मांडीवर मिळून एकच आडवा दांडा असेल तर तो बापाच्या मांडीवर टेकून थांबतो, आणि मुलीच्या अंगापासून वीतभर वर राहतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र दांडा हवा. वळणावर शरीर बाहेरच्या बाजूस सरकते. बाप आतल्या बाजूस बसला असेल तर त्याचा सगळा भार मुलीवर येतो. यासाठी दोन आसनांमध्ये उंचवटा ठेवतात, नाहीतर जड माणसाला बाहेरच्या बाजूस बसवितात. पायरी ठेंगणी, डब्याची बाजू उंच, पाठीला मऊ आधार, आणि पुढच्या आसनावरून मुलाला समोरचे दिसेल अशी बैठक. ही कामे दिसावयास क्षुल्लक, पण गाडीचे यश त्यांवरच अवलंबून असते.

डबे आखूड का, याचे उत्तर आपल्याच माथेरानला मिळते. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधविलेली नेरळ-माथेरान गाडी 1907 साली धावू लागली. तिचे रूळ अवघ्या दोन फुटांचे, चढ वीस फुटांस एक फूट, आणि वळणे अतिशय तीव्र. तेथे लांब डबा चालणे शक्यच नव्हते. छोट्या जागेत वळसे घेणाऱ्या बालगाडीलाही तोच न्याय लागतो. मात्र डबे आखूड असले तरी त्यांची माळ लांब ठेवण्यात गंमत आहे. शेवटचा डबा माथ्यावर पोहोचतो तेव्हा बाकीची गाडी उतरणीस लागून त्याला ओढीत असते, त्यामुळे त्यातील मूल आसनावरून क्षणभर उचलले जाते. पहिला डबा उलट माथ्यावर रेंगाळतो आणि त्यातील मुलाला समोरची दरी निवांतपणे दिसते. भित्र्या मुलाची जागा अर्थातच मध्ये.

मुलांच्या गाडीला चेहरा लागतो, हेही रचनाकारांच्या हळूहळू ध्यानात आले. पुण्यात पेशवे उद्यानात 1956 साली सुरू झालेल्या गाडीला चढउतार नव्हते. पण ‘फुलराणी’ या नावानेच ती निम्मी यशस्वी झाली. परदेशातील बालगाड्यांनी सुरवंट, अजगर, इंजिन अशी रूपे घेतली. कित्येक गाड्यांत खडखडणाऱ्या साखळीऐवजी रबरी चाकांनी गाडी वर ढकलण्याची सोय आहे. तिने आवाज कमी होतो, आणि मार्ग लहान असल्यास गाडी दोन फेऱ्या सहज घेते. दुसऱ्या फेरीत मूल हसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पहिल्या फेरीत ते फक्त दांडा घट्ट धरते.

1959 साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांचे रूळ आले आणि मऊ वळणे देणे सोपे झाले. त्याच उद्यानात 1979 साली खाणीतील बेफाम आगगाडीच्या थाटाचा मार्ग झाला. त्यात वेगापेक्षा कथा अधिक, आणि थोरामोठ्यांना एकत्र बसता येई. तोच नमुना पुढे देशोदेशी गेला. खोपोलीजवळ 2013 साली उघडलेल्या इमॅजिका उद्यानात सुमारे 40 मीटर उंचीची ‘नायट्रो’ तरुणांसाठी उभी राहिली, आणि तिच्याच आवारात खाणगाडीच्या धर्तीची ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ही आली. चिपळूणहून मुंबईच्या महामार्गाने वाकण फाट्यापर्यंत यावे आणि पालीवरून खोपोलीस वळावे, म्हणजे हे उद्यान गाठता येते. थोरला मुलगा ‘नायट्रो’च्या रांगेत उभा राहतो, धाकटीची उंची दारावरच्या खुणेला लावून पाहिली जाते, आणि ती खुणेइतकी भरली की आई तिला घेऊन खाणगाडीच्या मधल्या डब्यात बसते.