तेहरानची मुले

नाझींनी युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंचा जो नियोजनबद्ध संहार केला (होलोकॉस्ट), त्यातून निसटून सोव्हिएत संघ, इराण व हिंदुस्थान अशा वळणाच्या वाटेने फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाईनला पोहोचलेल्या पोलिश ज्यू मुलांना दिले गेलेले सामूहिक नाव. मुले सातशेच्या वर होती. बरोबरचे प्रौढ धरता ही संख्या ८६० च्या घरात जाते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले, तेव्हा यांची कुटुंबे पूर्वेकडे, सोव्हिएत ताब्यात गेलेल्या भागात पळाली आणि पुढील वर्षी सोव्हिएत सत्तेने त्यांतील अनेकांची सायबेरिया व उत्तर रशियातील श्रमवसाहतींत रवानगी केली. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारामुळे सुटका झाल्यावर ती उबेच्या आशेने उझबेकिस्तानात उतरली. तेथे मात्र भूक व टायफस यांनी घरेच्या घरे रिकामी केली. मुलांच्या पोटात निदान भाकरी जाईल म्हणून कित्येक आईबापांनी त्यांना स्वतःच पोलिश अनाथालयांच्या हवाली केले. ही अनाथालये १९४२ मध्ये जनरल आन्देर्स यांच्या, सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पोलिश सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात आली. कोल्हापूरजवळील वळिवडे छावणीत पुढे राहिलेले, बहुतांशी ख्रिस्ती असलेले पोलिश निर्वासितही याच लोंढ्यातले.

अनाथालयांत ज्यू मुले अल्पसंख्य होती. तेथील प्रार्थना कॅथलिक, त्यात इतर मुलांचे टोमणे; त्यामुळे काहींनी आपले ज्यूपण लपवले, तर काहींनी मार खाऊनही ते सोडले नाही. या दोन्ही वागण्यांत धैर्य होते असेच मानावे लागते, कारण थोरल्या भावंडांवर धाकट्यांना जगवण्याचा भार होता आणि ती स्वतःही लहानच होती. ज्यू एजन्सीने (पॅलेस्टाईनमधील ज्यूंची प्रातिनिधिक संस्था) तेहरानजवळ त्यांच्यासाठी तंबूंचे बालगृह उभारले. जेवण मिळू लागल्यावरही मुले अंथरुणाखाली भाकरीचे तुकडे दडवून ठेवत.

इराकने आपल्या भूमीतून जाण्यास परवानगी नाकारली, म्हणून जानेवारी १९४३ मध्ये मुलांना इराणच्या आखातातून ‘ड्युनेरा’ जहाजाने कराचीला आणण्यात आले. हे शहर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होते, आणि कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूंची तेथे वस्ती व सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) होते. काही काळ लष्करी छावणीत राहून मुले दुसऱ्या जहाजाने सुएझला व तेथून आगगाडीने १८ फेब्रुवारी १९४३ रोजी पॅलेस्टाईनमधील अतलितला पोहोचली. वाटेतल्या स्थानकांवर लोकांनी संत्री व मिठाई घेऊन गर्दी केली होती.

मुलांना धार्मिक वळणाच्या संस्थांत ठेवावे की सेक्युलर किबुत्झमध्ये (सामुदायिक शेतवसाहतीत), यावर लगेच तीव्र राजकीय वाद पेटला. ज्यांनी इतक्या हालांत श्रद्धा जपली वा गमावली, त्यांचे म्हणणे त्या गदारोळात मागे पडले. ऑगस्ट १९४३ मध्ये शंभरावर मुलांची आणखी एक तुकडी इराकमार्गे आली. युद्धानंतर काहींचे आईवडील मध्य आशियातून जिवंत परतले. पोलंडमध्ये मागे राहिलेले नातलग मात्र बहुतेक मारले गेले होते.