पानाची खालची बाजू

मराठीतून विज्ञान शिकणं आपल्याला इतकं सवयीचं होतं की ते जालन्यात किती नवं आहे हे कधी जाणवलंच नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांत उर्दू, आणि 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून. पुढे 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, 1967 मध्ये बालभारती आली. पर्णरंध्र, रक्षक पेशी, बाष्पोच्छ्वास हे शब्द आपल्या फळ्यावर दिसले त्यामागे एवढी खटपट आहे. (बाष्पोच्छ्वास लिहिताना निम्मा वर्ग चुकायचा, ते वेगळं.)

प्रयोग मात्र फार जुने. पानावरची ही छिद्रं इटलीतल्या मालपिघीने 1670 च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून पाहिली. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूने सूर्यफुलाची कुंडी वरून झाकून रोज तोलली आणि दिवसाकाठी झाड सुमारे 20 औंस पाणी हवेत सोडतं, असं 1727 मध्ये छापलं. कोबाल्ट क्लोराइडचा कागद जर्मनीतल्या स्टालने 1894 मध्ये वापरला. आपल्या बाईंनी दाखवला तो हाच! पानाच्या दोन्ही बाजूंना कोरडा निळा कागद, वरून काचपट्ट्या. खालचा कागद आधी गुलाबी झाला. मग रिओच्या पानाची साल, एकच सूक्ष्मदर्शक आणि साठ जणांची रांग. गुलाबी पेशींत हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या, मधे बारीक फट.

त्या फटीतून पाणी बाहेर जातं आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार एकच. मी आता संगणकाच्या प्रणाली बांधते. एकाच दारावर दोन कामं टाकली की काय होतं ते रोज पाहते. पाणी तुटलं की झाड दार लावून घेतं, म्हणजे पाणी वाचतं पण अन्न तयार होणं मंदावतं.

2012 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने हे बागाबागांतून पाहिलं. कपाशीच्या पानाला दोन्ही बाजूंनी रंध्रं असतात, मोसंबीला फक्त खालून. तरीही मोसंबी वाळली, कारण मुळांशीच ओल नव्हती. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी तेव्हा कुऱ्हाड चालली, हे मला ठाऊक आहे.

माझ्या काकांनी बुंध्याशी उसाचं पाचट अंथरलं, पानांवर केओलिन फवारलं. ही पांढरी माती ऊन परतवते, पान कमी तापतं, पाणी कमी उडतं. टँकरचं पाणी सगळ्या बागेला पुरणार नव्हतं. म्हणून त्यांनी अर्धी झाडं तोडली. कुठली ठेवायची हे ठरवायला ते पहाटे फिरत. रात्रभरात ज्याची पानं पुन्हा ताठ झाली नसतील, त्या बुंध्याला चुन्याची खूण करत.