मधल्या सुट्टीचा अभ्यास

मधली सुट्टी संपली की प्राथमिक शाळेत शिक्षिकेच्या टेबलाभोवती एक छोटे न्यायालय भरते. "बाई, ह्यानं मला ढकललं." "बाई, आधी तिनं माझा खोडरबर घेतला." घंटा झालेली असते, फळ्यावर तारीख घालायची असते, पुढचा तास गणिताचा असतो. दोघांनाही जागेवर बसवले जाते, कधी सारखेच दरडावले जाते, आणि धडा सुरू होतो. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकांकडून याहून अधिक अपेक्षा करणे सोपे नाही. तरीही त्या पाच मिनिटांत काय काय घडू शकते, याचा विचार जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या विचारात महाराष्ट्राचाही वाटा आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकांसाठी ही प्रस्तावना.

विषयाला दोन अंगे आहेत: भांडण शांतपणे मिटवायला शिकणे आणि अभ्यासाच्या चांगल्या सवयी लागणे. आपल्याकडे पहिले मूल्यशिक्षणाच्या खात्यात जाते आणि दुसरे गुणवत्तेच्या. ही खाती वेगळी ठेवल्याने दोन्हींचे नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे. भांडण मिटवताना मुलाला क्षणभर थांबावे लागते, समोरच्याचे पुरते ऐकावे लागते, ते स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावे लागते, एक मार्ग नाही जमला तर दुसरा शोधावा लागतो. शाब्दिक उदाहरण सोडवतानाही त्याला हेच करावे लागते. प्रश्न पुरता न वाचता त्यातल्या आकड्यांची बेरीज करून मोकळे होणारे मूल आणि अर्धे वाक्य ऐकून हात उगारणारे मूल, दोघांची अडचण बरीचशी एकच आहे. २०११ मध्ये जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावनिक व सामाजिक शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. अडीच लाखांहून अधिक विद्यार्थी त्या आढाव्यात आले. अशा उपक्रमांत सहभागी झालेल्या मुलांची वागणूक सुधारली होतीच, पण त्यांची अभ्यासातली प्रगतीही इतरांपेक्षा चांगली दिसली.

वाचकांनी सुरुवात पुस्तकांपासून न करता अंगणापासून करावी. मोठ्यांनी शिकवण्याआधीच मुलांनी भांडणे आवरण्याच्या कितीतरी रीती आपसांत घडवलेल्या असतात. राज्य कोणावर, हे ठरवायला मुले चकतात, म्हणजे दांडगाईला वाव राहत नाही. दम लागला किंवा चप्पल निसटली की 'टाइमप्लीज' म्हणता येते आणि दुसऱ्या बाजूला ते मानावेच लागते. धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतात, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळाबाहेरही राहत नाही. अबोला धरायचा तर कट्टी आहे आणि तो सोडायला बट्टीची ठरलेली खूण आहे. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या बोलीवर आणि रीतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथल्या मुलांतही खेळ थांबवण्याचे असेच हुकमी शब्द त्यांना गावोगाव वेगवेगळे सापडले. म्हणजे शिक्षक कोऱ्या पाटीवर लिहीत नसतो. मुलांकडे जे आहे ते ओळखायचे आणि वर्गात त्याला मान द्यायचा, ही पहिली पायरी आहे.

या क्षेत्राच्या इतिहासात सर्वांत अधिक वेळ मी यानुश कोर्चाक यांच्याजवळ थांबतो. पेशाने बालरोगतज्ज्ञ असलेल्या कोर्चाक यांनी १९१२ पासून पोलंडमधील वॉर्सा शहरात ज्यू मुलांचे अनाथालय चालवले. तिथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. कुणाचीही तक्रार फलकावर लिहिता येई, आणि ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही खटला नसेल त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. या न्यायालयाची संहिता वाचण्यासारखी आहे. तिची पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची, माफ करण्याची, खटला मागे घेण्याची आहेत. दोष ठेवणारी कलमे शंभरापासून पुढे, शंभराशंभराच्या टप्प्याने हजारापर्यंत जातात, आणि सर्वांत कठोर कलम क्वचितच वापरायचे असते. मुलांना मोठ्यांवरही खटला भरता येत असे. सहा महिन्यांत स्वतः कोर्चाकांवर पाच खटले झाले, त्यांतला एक एका मुलाचा कान पिळल्याबद्दल होता. न्यायासमोर शिक्षकही उभा राहतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. एक नोंद आपल्या वाचकांसाठी: जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीत कोर्चाकांच्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक सादर केले. पुढच्याच महिन्यात नाझींनी कोर्चाक आणि त्यांच्याबरोबरच्या सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका येथे नेऊन ठार केले.

दुसरा थांबा अमेरिकेतला. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात आणले होते आणि शाळांमध्ये हाणामाऱ्या होत होत्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी मुलांना बंधुभावाचे धडे दिले नाहीत. ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून पाहत राहिले. शिक्षिकेने प्रश्न विचारताच सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात आणि त्याचे उत्तर चुकावे अशी वाट पाहतात, हे त्यांना दिसले. अभ्यासाची रीतच वैर वाढवत होती. मग त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले. एखाद्या व्यक्तीचे चरित्र शिकायचे असेल तर त्याचे भाग पाडून प्रत्येकाला एकच भाग दिला. प्रत्येकाने आपला भाग समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसणे आता कुणालाच परवडत नव्हते, कारण त्याच्याजवळचा भाग त्याच्याशिवाय मिळणार नव्हता. भांडण आणि अभ्यास एकाच मुळाशी कसे येतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. ही रीत उद्या आपल्या चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला वापरता येईल, खर्च शून्य.

महाराष्ट्रातली परंपराही वाचकांनी जवळून पाहावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला वारली मुलांच्या पाड्यापर्यंत शाळा नेली. मुलावर हात न उगारता, भीती न घालता शिकवता येते, हे त्यांनी अत्यंत तुटपुंज्या साधनांत करून दाखवले. लीलाताई पाटील यांनी अध्यापक-प्रशिक्षणातल्या दीर्घ अनुभवानंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. त्यांचे लेखन, विशेषतः 'ऐलमा पैलमा शिक्षणदेवा', नवख्या वाचकाने आधी वाचावे, कारण त्यात वर्गातली खरी मुले भेटतात. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यातील शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केले आणि ते पुढे राज्यभर पोहोचले. जोडीने आणि गटाने बोलणे, ऐकणे, ठरवणे यांवर त्याची उभारणी आहे. त्याच वर्षी शिक्षणहक्क कायदा झाला आणि त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय, हे मात्र कायदा सांगत नाही. हा विषय आज अभ्यासायचा तो त्यासाठी.

इथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक त्रास म्हणजे भांडण नव्हे. भांडणात दोन्ही बाजूंचे बळ साधारण सारखे असते, म्हणून समोरासमोर बसवून बोलणे घडवता येते. एका मुलाला रोज गाठून छळले जात असेल, किंवा त्याच्या जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून बोलले जात असेल, तर "दोघांनी हात मिळवा" म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. तिथे मोठ्यांनी ठामपणे मध्ये पडलेच पाहिजे. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या संशोधनातून घडलेला 'कीवा' हा उपक्रम तर छळणाऱ्याइतकेच लक्ष बाजूला उभे राहून पाहणाऱ्या मुलांकडे देतो. छळ टिकतो तो प्रेक्षकांच्या हसण्यावर, हे त्याचे गृहीत आहे.

आता सवयींकडे. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर पाढ्यांची परवचा म्हणणे आपल्या घरांतून गेले आणि घोकंपट्टीच्या रागापायी तिच्यातला खरा गुणही विसरला गेला. शिकलेले काही अंतराने पुन्हा आठवण्यात मोठी ताकद आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून दाखवला होता. २००६ मधल्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र वाचणे थांबवून आठवून पाहणारे पुढे गेले. तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा आहे, हे ध्यानात ठेवून आपण लहानांसाठी एवढेच घेऊ: वही मिटून "काल काय शिकलो?" असे विचारण्याची दोन मिनिटे परिपाठात असावीत.

कौतुकाचे शब्दही जपून वापरावेत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत काहींना "तू हुशार आहेस" म्हटले, काहींच्या मेहनतीचे कौतुक केले. हुशारीचा शिक्का मिळालेल्यांनी पुढे सोपे काम निवडले, आणि आपले गुण सांगताना ते वाढवून सांगण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक निघाले. या विचारावर आधारलेल्या नंतरच्या मोठ्या अभ्यासांत परिणाम लहान दिसले आहेत, त्यामुळे त्याचा मंत्र करू नये. पण 'हुशार' हा शिक्का जसा मुलाला कठीण गणितापासून दूर ठेवतो, तसाच 'मस्तीखोर' हा शिक्का त्याला भांडणाच्या भूमिकेत अडकवतो. एकदा नाव पडले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच मुलाच्या नावावर चढते.

तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा नुसते कुतूहल असेल, तरी पहिला आठवडा काही शिकवू नका. मधल्या सुट्टीत एक लहान वही घेऊन बाजूला बसा. भांडण कशावरून झाले हे लिहाच, पण ते कसे संपले हे अधिक नेमके लिहा: कोण आधी मागे झाले, कुणी मध्यस्थी केली, कुणी विषय बदलला, कुणाला खेळाबाहेर राहावे लागले. दुखापत किंवा छळ दिसला तर वही बाजूला ठेवून लगेच मध्ये पडा. बाकी भांडणांच्या नोंदी आठवडाअखेरीला मुलांची नावे वगळून वर्गासमोर ठेवा आणि विचारा, "यातलं नीट मिटलेलं भांडण कोणतं, आणि ते का मिटलं?" मुले जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घ्या. तुमच्या वर्गाची पहिली संहिता तिथून लिहायला सुरुवात करता येईल.