सोयाबीन पेंड, उष्णतासंस्कारित

सोयाबीनमधील तेल काढल्यावर उरणारा व वाफेवर भाजलेला, मांसल कोंबड्यांच्या (ब्रॉयलर) खाद्यातील प्रमुख प्रथिनयुक्त घटक.

इतिहास : कच्च्या सोयाबीनपेक्षा शिजवलेले सोयाबीन वाढीस पोषक असते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस ऑस्बर्न व लाफायेट मेंडेल यांनी १९१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक (ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला रोखणारा व उष्णतेने निष्प्रभ होणारा घटक) स्फटिकरूपात वेगळा केला.

वैशिष्ट्ये : हेक्झेन या द्रावकाने तेल काढल्यावर पेंडीतील उरलेला द्रावक वाफेने घालवितात व पेंड सु. १००° से. तापमानाला भाजतात. त्यामुळे ट्रिप्सिनरोधक व लेक्टिने (शर्करेला बद्ध होणारी प्रथिने) बव्हंशी निष्प्रभ होतात. भाजणी अपुरी राहिल्यास प्रथिनांचे पचन घटते, स्वादुपिंड सुजल्यासारखा मोठा होतो व वाढ खुंटते. ती जास्त झाल्यास लायसिन हे ॲमिनो अम्ल शर्करेशी बद्ध होऊन पक्ष्यांना मिळत नाही. अपुरी भाजणी युरिएज (उष्णतेने निष्प्रभ होणारे एंझाइम) चाचणीने, तर अतिभाजणी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिन-विद्राव्यतेने ओळखतात (पहा : प्रथिने; एंझाइमे).

महत्त्व : पेंडीत सु. ४४–४८% प्रथिने असतात. लायसिन भरपूर, परंतु मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल कमी असल्याने ते खाद्यात वेगळे मिसळतात. खाद्यातील मका ऊर्जा पुरवितो व पेंड प्रथिने पुरविते (पहा : कुक्कुटपालन, सोयाबीन). भारतात मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्ये आहेत.