नऊ घराण्यांच्या वंशावळी व मज्जाविकारांचें संशोधन

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा मार्ग ठाणें सोडल्यावर भिवंडी तालुक्यांतील वडपे गांवावरून नाशिकास जातो. या मार्गाच्या एका बाजूस भायखळ्याचें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेलें जमशेटजी जिजीभाई रुग्णालय आहे; दुसऱ्या बाजूस नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. महाविद्यालय इ. स. १८४५ चें, तें १८६० त मुंबई विद्यापीठास जोडलें गेलें. नाशिकचें विद्यापीठ १९९८ त स्थापन झालें व हल्लीं ग्रँट महाविद्यालयाच्या पदव्या त्याच्याच नांवानें मिळतात. म्हणजे वडप्याच्या रोग्यानें उपचारार्थ मुंबईस जावें आणि त्यास तपासणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी नाशिकाहून यावी, असा हा व्यवहार आहे.

मेंदूच्या विकारांचा विषय वैद्यांचा. त्यास या पृष्ठांत स्थान कां द्यावें, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, या शास्त्रांतील मुंबईच्या एका ठळक शोधाचा मुख्य आधार वंशावळ हा होता. आणि वंशावळ हें आमचें नित्याचें साधन आहे.

मेंदू व मज्जातंतु यांचे रोगी ग्रँट महाविद्यालयांत पूर्वीं सामान्य चिकित्सेच्याच शिक्षकांकडे जात. डॉ. नोशिर वाडिया (१९२५–२०१६) यांनीं लंडन येथील शिक्षणानंतर १९५७ त तेथें या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. रोग्यास त्याचा वृत्तांत नीट विचारणें हें या विद्येचें मूळ. १९७१ त मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली. त्यानंतर पाय लुळे पडलेले कांहीं रोगी रुग्णालयांत आले, तेव्हां थोड्या दिवसांपूर्वीं त्यांचे डोळे आले होते हें विचारपुशींत निघालें, आणि नेत्ररोग व पक्षाघात यांचा हा संबंध वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ त लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध केला. येथें आठवण थोड्या दिवसांची पुरली. दुसऱ्या शोधास ती अनेक पिढ्यांची लागली.

हा दुसरा शोध वाडिया व स्वामी यांनीं १९७१ सालीं ‘ब्रेन’ या नियतकालिकांत मांडला. विषय होता नऊ घराण्यांत आढळलेला एक आनुवंशिक विकार. लहान मेंदू व त्याशीं जोडलेले भाग यांत क्षीण होत जातात. रोग्याचा तोल सुटतो, चाल अडखळते, बोलणें जड होतें. असे विकार पूर्वींही ठाऊक होते. नवें होतें तें डोळ्यांचें वर्तन. वैद्य आपलीं दोन बोटें दूर दूर धरून एकावरून दुसऱ्यावर पाहावयास सांगतो. निरोगी मनुष्याची दृष्टि क्षणांत उडी घेते. या रोग्यांची मात्र सरपटत जाते. कित्येक जण डोळ्यांच्या मदतीस मानच फिरवितात. अशी जलद उडी मस्तिष्कस्तंभांतील कांहीं पेशींच्या आज्ञेनें होते, व त्याच या रोगांत नष्ट होतात. एवढी बारीक खूण उपकरणावांचून, केवळ दोन बोटांनीं ध्यानांत येते, हें आम्हांस फार विलक्षण वाटतें.

परंतु एका रोग्याचे संथ डोळे पाहून रोग आनुवंशिक ठरत नाहीं. त्यासाठीं त्याचे आईबाप, भावंडें, चुलते, आत्या, मावशा यांची विचारपूस करून आंखणी करावी लागते. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचें, काळें भरलें कीं तें बाधित. या आंखणीवरून दिसतें कीं बाधित आईच्या वा बापाच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, रोगाचा धोका निम्मा असतो. आतां आपल्या दप्तरांतील वंशावळ पाहावी. ती बहुधा वतनाच्या वांटणीच्या तंट्यांत तयार झालेली असते. तींत पुरुष येतात. मुली येत नाहींत, किंवा आल्या तर ‘अमक्यांस दिली’ एवढ्यापुरत्या. अपत्य नसलेल्याची शाखा ‘निपुत्रिक’ म्हणून तेथेंच संपते. वतनाचा हक्क सांगण्यास एवढें पुरे. रोगाची वाट सांगण्यास तें अर्धेंच आहे, कारण कन्येच्या घरीं गेलेली अर्धी वाट कागदावर उमटतच नाहीं.

आपल्या प्राचीनांस ही वाट अगदींच अज्ञात होती असें नव्हे. सुश्रुतानें रोगांचा ‘आदिबलप्रवृत्त’ असा एक वर्ग सांगून त्याचे मातृज व पितृज असे दोन भेद केले आहेत. तत्त्व तेथें आहे. एका घराण्याचा पिढीवार पुरावा मात्र तेथें नाहीं, आणि इतिहासकारास तत्त्वापेक्षां पुरावाच अधिक मोलाचा.

पुढील वृत्तांत थोडक्यांत असा. क्यूबा बेटांतील ओल्गिन प्रांतांत याच विकाराचीं मोठीं घराणीं होतीं. त्यांच्या वंशवृक्षांवरून १९९३ त दोषाचें स्थान बाराव्या गुणसूत्रावर निश्चित झालें, व १९९६ त जनुकही हातीं लागलें. त्यांत तीन अक्षरांची एक जोडणी निरोगी माणसांत बहुधा २२ च्या आसपास वेळां येते, रोग्यांत ३३ किंवा अधिक. ही संख्या पिढीगणिक वाढूं शकते, व मग नातवास रोग आजोबांपेक्षां लौकर जडतो. १९९८ त वाडिया व सहकाऱ्यांनीं सहा भारतीय वंशावळींची जनुकीय तपासणी ‘ब्रेन’मध्यें प्रसिद्ध करून, संथ दृष्टि ही या रोगाच्या निदानाची मोलाची खूण असल्याचें दाखविलें. सत्तावीस वर्षांपूर्वींच्या निरीक्षणास असा आधार मिळाला. रोगावर समूळ उपाय अद्याप नाहीं. मात्र निरोगी अपत्यासही आपणांस दोष आला आहे कीं काय हें आधीं कळूं शकतें. तें जाणून घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा घरांत सोपा नसतो.

येथें एक सावधगिरी. जुन्या पत्रांत ‘वायु झाला’ किंवा ‘पाय गेले’ असें दिसतांच एखाद्या सरदारास आजच्या रोगाचें नांव चिकटविणें हा उतावळेपणा आहे. एका व्यक्तीच्या वर्णनावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. तीन पिढ्यांत, कन्याशाखा धरून, तेंच वर्णन आलें तर गोष्ट वेगळी.

ज्यांच्या संग्रहीं हस्तलिखित वंशावळी आहेत त्यांनीं त्या छापतांना नांवाशेजारचे ‘पांगळा’, ‘लटपटे’, ‘वाचा गेली’ यांसारखे शेरे निरर्थक समजून गाळूं नयेत, व समासांत कोठें कन्यांचीं सासरें नोंदलीं असल्यास तींही जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. हयात घराण्यांच्या बाबतींत मात्र असे शेरे छापण्यापूर्वीं त्या घरची संमति घ्यावी. वैद्यकीय नियतकालिकांतही वंशवृक्ष येतो तो नांवावांचूनच.