'द लास्ट एम्परर' : कबुलीजबाब, चित्रपट आणि इतिहासाचे साधन

इतिहासाच्या अध्यापनात ऐतिहासिक चित्रपटांचा वापर करावा की नाही, हा वाद आता जुना झाला आहे. अनेक महाविद्यालयांत असे चित्रपट दाखविले जातात आणि विद्यार्थी वर्गाबाहेरही ते पाहतच असतात. खरा प्रश्न आहे तो चित्रपट कोणत्या साधनावर उभा आहे हे तपासण्याचा. 'प्रसंग खरा की खोटा' एवढीच चौकशी करून आपण थांबतो. ज्या ग्रंथावरून तो प्रसंग घेतला तो ग्रंथ कोणी, कोठे व कोणत्या परिस्थितीत लिहिला, याकडे मात्र दुर्लक्ष होते. या दृष्टीने बर्नार्दो बेर्तोलुची यांच्या 'द लास्ट एम्परर' (१९८७) या चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चिंग घराण्याचा अखेरचा सम्राट पुयी हा या चित्रपटाचा नायक होय. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत चित्रीकरण करण्याची परवानगी मिळालेला हा पहिला पाश्चात्त्य कथापट. १९८८ च्या ऑस्कर सोहळ्यात नऊ नामांकने व नऊही पुरस्कार असे दुर्मिळ यश त्यास लाभले. व्हित्तोरिओ स्तोरारो यांचे छायाचित्रण आणि र्‍यूइची साकामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांचे संगीत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको.

पुयीचा जन्म ७ फेब्रुवारी १९०६ चा. डिसेंबर १९०८ मध्ये, वयाची तीन वर्षेही पूर्ण झालेली नसताना, तो सिंहासनावर बसला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी राजमाता लोंगयू हिने त्याच्या वतीने राज्यत्यागाची घोषणा केली. त्या वेळच्या करारानुसार सम्राटाची पदवी कायम राहिली, वार्षिक चाळीस लाख तैल तनखा ठरला आणि निषिद्ध नगरीत तूर्त राहण्याची मुभा मिळाली. परिणामी पुढील सुमारे बारा वर्षे प्रजासत्ताकाच्या राजधानीत, उंच तटांच्या आत, एक सम्राट प्रजेविना नांदत होता. ही विलक्षण अवस्था चित्रपटाने अप्रतिम रीतीने पकडली आहे. पिवळा रंग केवळ सम्राटाचा; तो धाकट्या भावाच्या, पुजिएच्या, अंगावर दिसताच बालसम्राट संतापतो, आणि त्याच भांडणात आपण आता सम्राट उरलो नाही हे त्यास कळते. या भांडणाचे मूळ पुयीच्या आत्मचरित्रात आहे. तेथे भावाच्या बाहीच्या अस्तराचा पिवळा रंग त्याच्या नजरेस पडतो. चित्रपटात यानंतर आपली सत्ता सिद्ध करण्यासाठी तो एका हुजऱ्या खोजास शाई प्यावयास लावतो. आत्मचरित्रातील संबंधित आठवण याहून क्रूर आहे. खोजास लोखंडाचा कीस घातलेली मिठाई खाऊ घालण्याचा त्याचा बेत होता. तो त्याच्या दाईने हाणून पाडला.

या फरकाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. चित्रपट जेथे जेथे आत्मचरित्रापासून दूर जातो, तेथे तो बहुधा पुयीच्या बाजूने झुकतो. चांगचुनच्या राजवाड्यातील अनाथ सेवक मुलांना केलेली मारहाण, पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका मुलाचा त्या मारहाणीत झालेला मृत्यू, हे पुयीने स्वतः लिहून ठेवले आहे. चित्रपटातील पुयी मात्र एकाकी, हताश आणि पुष्कळसा देखणा आहे. जॉन लोन या नटाच्या संयत अभिनयामुळे प्रेक्षकाची सहानुभूती अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहते. १९१७ च्या जुलै महिन्यात सेनापती झांग श्युन याने पुयीस पुन्हा गादीवर बसविले होते. हा प्रयोग जेमतेम बारा दिवस टिकला. त्याचे एकही दृश्य चित्रपटात नाही. कथेच्या सोयीसाठी ते वगळले असेल. पण राज्य परत मिळविण्याची आकांक्षा पुयीच्या भोवतालच्या मंडळींत किती जिवंत होती, हे त्यामुळे झाकले जाते.

मांचुकुओच्या प्रकरणात हे झाकणे अधिक गंभीर ठरते. नोव्हेंबर १९२४ मध्ये फेंग युश्यांगच्या सैन्याने पुयीस राजवाड्यातून हाकलले. १९२५ पासून तो तिआनजिन येथील जपानी वसाहतीत राहिला. १९२८ मध्ये एका लष्करी सरदाराच्या सैन्याने चिंग घराण्याच्या पूर्वेकडील समाध्या फोडून लुटल्या व चिआंग काय-शेकच्या सरकारने अपराध्यांस शासन केले नाही, याचा त्याच्या मनावर खोल घाव झाला. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानच्या ग्वांतुंग सेनेने मांचुरिया गिळंकृत करण्यास प्रारंभ केला आणि नोव्हेंबरमध्ये पुयी तिकडे रवाना झाला. १९३२ मध्ये तो मांचुकुओचा प्रमुख प्रशासक झाला, तर १ मार्च १९३४ रोजी सम्राट. त्याच्या नावाने चाललेल्या राज्यात अफूचा सरकारी मक्ता होता. हार्बिनजवळच्या पिंगफांग येथे जपानच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने जिवंत माणसांवर जंतुप्रयोग केले. १९४० मध्ये तर जपानी राजवंशाची आद्यदेवता आमातेरासू हिची पूजा त्यास राज्यात सुरू करावी लागली. पूर्वजपूजा हाच ज्या घराण्याचा आधार, त्याच्या वारसाने दुसऱ्याचे पूर्वज स्वीकारले!

तो गेला की त्यास नेले? ऑगस्ट १९४६ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे पुयी साक्षीदार म्हणून उभा राहिला. (न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमतपत्रिकेमुळे हे न्यायाधिकरण भारतीय वाचकांस परिचित आहे.) आपण सर्व काही दडपणाखाली केले, असे त्याने तेथे सांगितले. जपानी सेनानी जिरो मिनामी यास त्याने पाठविलेले पत्र बचाव पक्षाने पुढे केले, तेव्हा ते बनावट असल्याचा दावा त्याने केला. पुढे आत्मचरित्रात हे पत्र खरे होते व आपण न्यायालयात खोटे बोललो, अशी कबुली त्याने दिली. एकाच माणसाच्या दोन साक्षी, आणि दोन्ही कैदेत असताना आकारास आलेल्या: पहिली सोव्हिएत ताब्यात, दुसरीचा पाया चीनच्या तुरुंगात. इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनचिकित्सा शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. चित्रपटात टोकियोचे दृश्यच नाही.

१९५० मध्ये सोव्हिएत संघाने पुयीस चीनच्या स्वाधीन केले आणि फूशुन येथील युद्धगुन्हेगार तुरुंगात त्याची रवानगी झाली. तेथे कैद्यांनी आपला पूर्वायुष्याचा वृत्तांत लिहावयाचा, तो अपुरा वाटल्यास पुन्हा लिहावयाचा, अशी पद्धत होती. या लेखनातूनच 'माझ्या आयुष्याचा पूर्वार्ध' हे आत्मचरित्र घडले. डिसेंबर १९५९ मध्ये पुयीस माफी मिळाली आणि संपादक ली वेन्दा यांच्या साहाय्याने ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा ग्रंथ मुळात कबुलीजबाब आहे. चित्रपटानेही तोच साचा उचलला: १९५० च्या तुरुंगातून आरंभ आणि चौकशीच्या अनुषंगाने गतकाळाची दृश्ये. आरंभीचा रेल्वे स्थानकावरील आत्महत्येचा प्रयत्न मात्र कल्पित आहे. तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका यिंग रुओचेंग यांनी केली. ते त्या काळी चीनचे सांस्कृतिक उपमंत्री होते. ली वेन्दा व पुजिए हे चित्रपटाचे सल्लागार होते. ही वस्तुस्थिती ध्यानी घेतली, तर चित्रपटातील तुरुंग इतका समंजस का दिसतो, याचा काहीसा उलगडा होतो.

तथापि बेर्तोलुची यांना केवळ सरकारी कथनाचे वाहक ठरविणे अन्यायाचे होईल. तुरुंगातील एका प्रसंगी पुयी आपल्यावरील प्रत्येक आरोपाखाली सही करून मोकळा होतो. ज्या जपानी गुप्त करारांची त्यास माहिती असणे शक्य नव्हते, तेही तो मान्य करतो. तुरुंगाधिकारी यावर चिडतो. सगळेच कबूल करणे म्हणजे काहीच कबूल न करणे, असा त्याच्या रागाचा आशय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण चित्रपटातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग होय. भव्य राज्यारोहणाच्या दृश्यापेक्षाही तो अधिक ऐतिहासिक आहे, कारण तेथे चित्रपट स्वतःच्याच साधनावर संशय घेतो. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या दृश्यात याच अधिकाऱ्याची लाल रक्षकांनी काढलेली धिंड दिसते. काल कबुली घेणारा आज कबुली देण्यासाठी रस्त्यावर उभा आहे.

याउलट मासाहिको आमाकासूचे चित्रण ढोबळ वाटते. १९२३ मध्ये अराजकतावादी ओसुगी साकाए व इतो नोए यांच्या हत्येत दोषी ठरलेला हा लष्करी अधिकारी १९३९ पासून मांचुकुओच्या चित्रपटसंस्थेचा प्रमुख होता. प्रचारपट निर्माण करणारा खलपुरुष एका भव्य चित्रपटात अवतरावा, यातील उपरोधाचा दिग्दर्शकाने फारसा उपयोग केलेला नाही. चित्रपटात तो गोळी झाडून घेतो. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४५ मध्ये त्याने विषप्राशन केले.

जपानच्या या आक्रमणाची मराठी वाचकास ओळख बहुधा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे झाली, आणि तीही पुष्कळांना व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामार्फत. तो चित्रपट १९४६ चा, म्हणजे पुयी टोकियोत साक्ष देत होता त्याच वर्षीचा. युद्धाची स्मृती पडद्यावरून किती लोकांपर्यंत पोहोचते, हे जपानमधील एका प्रकारानेही दिसून येते. तेथील वितरकाने 'द लास्ट एम्परर'मधील नानजिंगच्या हत्याकांडाची सुमारे तीस सेकंदांची दृश्ये दिग्दर्शकास न विचारता कापली होती. बेर्तोलुची यांनी जाहीर निषेध केल्यावर ती पूर्ववत करण्यात आली.

१९६४ च्या आवृत्तीतून गाळलेला मजकूर समाविष्ट करून आत्मचरित्राची विस्तृत आवृत्ती चीनमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुयीच्या मृत्यूस (१७ ऑक्टोबर १९६७) तेव्हा चाळीस वर्षे झाली होती, तर चित्रपटास वीस. दोन्ही आवृत्ती शेजारी ठेवून पुयीचा अभ्यास आता करता येतो. सम्राज्ञी वानरोंगच्या बाबतीत मात्र तशी सोय नाही. अफूच्या व्यसनाने खंगलेली ही स्त्री जून १९४६ मध्ये यानजी येथील तुरुंगात मरण पावली. चित्रपटातील वानरोंग युद्धाच्या अखेरीस राजवाड्यात परत येते, जपान्यांच्या मांडलिकांवर थुंकते आणि पतीस न ओळखता निघून जाते. हा प्रसंग रचलेला आहे. पण तिच्या बाजूने काही सांगणारे साधन शोधू गेल्यास पुयीच्याच पुस्तकाकडे प्रामुख्याने वळावे लागते, आणि तेथे तिचे आयुष्य मोजक्याच पानांत उरकले आहे.